सुटे

आमच्या इमारतीची लिफ्ट नाणं खाते.
दहा तेत्री. आतल्या पेटीच्या फटीत टाकायचं,
ते खळ्ळकन पडलं की मग ती कण्हत वर निघते,
आणि मी राहते आठव्यावर.

ही दहा तेत्री मला त्सिआला द्यायची.
म्हणजे माझेच पैसे, पण तिच्या हातून.
खालच्या गॅरेजात तिचं दुकान:
बटाट्यांची पोती, साखर, सूर्यफुलाचं तेल,
खारवणात बुडालेलं सुलुगुनी चीज,
आणि काट्याशेजारी चौकटीची वही.
त्या वहीत अर्धी ग्लदानी उधार होती.
माझं नाव तिथे ‘आठवा मजला, चष्मेवाली’.
खरं नाव माहीत नव्हतं असं नाही,
पण आमच्या इमारतीत एतेरी चार.

मोड देताना ती लिफ्टचं नाणं आधी वेगळं काढायची,
“हे वर जायला.”
मग उरलेले. कधी उरलेल्यांऐवजी च्युइंगम.

खरं सांगू? मला ते दुकान फारसं आवडायचं नाही.
काउंटरच्या अलीकडून बोट दाखवायचं,
ते नव्हे, त्याच्या मागचं,
आणि पाठीशी झाईरा, गुलनाझी, कान टवकारून.
नुगझार पोलंडला गेला आणि पैसे येईनात
त्या आठवड्यात मी दोनाऐवजी एक पाव मागितला.
त्सिआला काही बोलली नाही.
कागदात गुंडाळायला फक्त जरा जास्त वेळ लावला.
दुसऱ्या दिवशी जिन्यात तिघींनी माझी विचारपूस केली.

म्हणून बसस्टॉपसमोर सुपरमार्केट उघडलं
तेव्हा मी पहिल्याच दिवशी गेले.
पांढरा उजेड. कोण, कुठली, न विचारता सरकणारी दारं.
दही हातात घ्यावं, तारीख वाचावी, परत ठेवावं,
दुसरं घ्यावं, तेही ठेवावं,
अर्धा तास भटकून एक काडेपेटी घेऊन बाहेर पडावं;
कुणाच्या बापाचं काही जात नाही.
मी एक पाव घेतला. यंत्र म्हणालं, टिंग.
इतकंच.
किती बरं वाटलं.

मग झाईरा आली, अंडी स्वस्त म्हणून.
गुलनाझी आली, साबणाच्या पुड्यावर बादली फुकट म्हणून.
एकमेकींना पाहून आम्ही टोपल्या पोटाशी धरायचो,
आणि येताना पिशवीवरचं नाव आतल्या बाजूला वळवून
गॅरेजसमोरून जायचो.
“गामार्जोबा,” ती म्हणायची. आम्हीही.
काटा न लावता तिला वजन कळायचं.

रोख तिकडे गेली, उधारी इकडे उरली.
पंचवीस तारखेनंतर मीही इकडेच.

फेब्रुवारीत शटर खाली आलं.
वही घेऊन ती कुणाच्या दारात गेली नाही.
मी सत्तावीस लारी घेऊन गेले तर म्हणाली,
“वही जुंबेरने शेगडी पेटवायला घेतली.”
जुंबेरकडे गॅस आहे.

आता सगळं कार्डावर. पाकिटात नाणं म्हणून नसतं.
काउंटरवरच्या मुलीला मी एकदा सुटे मागितले,
ती गोड हसली, जसं मी रॉकेल मागितलं होतं.
संध्याकाळी लिफ्टपाशी आम्ही पिशव्या टेकवून
एकमेकींचे कोटाचे खिसे बघतो.

काल कुणाकडेच नव्हतं.
झाईराचे बटाटे, माझं तेल, आणि जिना.
तिसऱ्यावर आम्ही दम खायला थांबलो,
तिथेच त्सिआलाचं दार. उघडं होतं.
ती आली, आमच्याकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं,
आत गेली,
आणि मूठ मिटून परत आली.
“हे वर जायला.”

“लिहून ठेव,” मी म्हणाले.
“कशात?”

लिफ्ट यायला वेळ लागला.
तेवढ्यात तिने बटाट्यांचा भाव विचारला,
आणि झाईराने
होता त्याहून थोडा जास्तच सांगितला.