किरकोळ प्रकार वगळता

नव्या पेठेतली अभ्यासिका, टेबल क्रमांक चौतीस.
लॅपटॉपवर अर्ज उघडा:
संशोधन सहायक, राजकीय हिंसा आणि निवडणूक सुरक्षा.
पगाराचा आकडा दोनदा वाचला,
मग त्यातून खोलीचं भाडं वजा केलं.

अर्जासोबत चाचणी आहे.
जुनी कात्रणं वाचा, प्रत्येक घटनेला
एक ते पाच, तीव्रतेचा अंक द्या.

सातव्या कात्रणात मुंढवा निघाला.
‘किरकोळ प्रकार वगळता मतदान शांततेत.’

त्या दिवशी बाबा खोली क्रमांक दोनमध्ये
शाई लावायला होते.
रात्री साडेअकराला आले, एक चप्पल हातात,
उजवा पंजा मनगटापर्यंत जांभळा.
बाटली फुटली, म्हणाले.
पुढचं पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.
आईनं लिंबू चोळलं, रॉकेल चोळलं.
महिनाभर ते फळ्यावर डाव्या हातानं लिहायचे
आणि सहावी ब हसायची
वाकड्या अक्षरांना.

एक लिहिला. खोडला.
तीन लिहिला, तर वाटलं
घरचं माणूस म्हणून माप वाढवलं.

शेवटी फोन लावला.
‘बाबा, त्या दिवशीचं किती धरू?’
पलीकडे कुकरची शिट्टी.
‘जागा कायम आहे की कंत्राटी?’
‘अकरा महिने.’
‘मग दोन लिही,’ म्हणाले.
फोन ठेवला नाही.
दुसरी शिट्टी झाली.
‘आणि खाली बारीक अक्षरात टाक कुठेतरी,
बाटली फुटली नव्हती.’