अंगावरचं मोजत नाहीत

बेर्गामोच्या तेरा नंबरच्या दारापाशी
एक निळा लोखंडी पिंजरा आहे.
त्यात बॅग बसली तर माणूस जातो.
नाही बसली तर एकोणसत्तर युरो भरतो,
मग जातो.
जातो दोन्ही वेळा.
रांगेत उभं राहिलं की लोक हे विसरतात,
कधीकधी मीही.

पहाटेचं पहिलं विमान बाकाउचं.
त्याला बहुतेक बायका असतात,
आमच्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालणाऱ्या,
त्यांच्या गोळ्या सोमवार-मंगळवारच्या खणांत लावणाऱ्या,
आणि म्हाताऱ्यांनी चोर म्हटलं तरी
संध्याकाळी त्यांचं सूप फुंकून गार करणाऱ्या.
तिकीट बारा युरो नव्याण्णव सेंट.
एवढ्यात इथे माझे केससुद्धा कुणी कापून देत नाही.

आज एक व्हेतूरिया.
बॅग आत गेली, चाकं वर राहिली.
मी म्हटलं, दोन बोटं जास्त.
तिने बोटं पाहिली,
बॅगेची नाही, माझी.
नखांना काल रात्रीच रंग लावला होता मी.

मग तिने तिथेच, फरशीवर, बॅग उघडली.
कॉफीची किटली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
चार टॉवेल. औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर.
एक काळा कोट, लोकरीचा, कॉलरला फर,
आत शिवलेली नावाची पट्टी: इ. लोकातेल्ली.
आणि बूट. नवे. पुरुषाचे.
‘त्रेचाळीस नंबर,’ ती म्हणाली, मी विचारलं नसताना.
‘सोडून आले तेव्हा छत्तीस होता.
फोनवर विचारलं तर म्हणतो, काही नको.’

एकोणसत्तर म्हणजे किती रात्री,
हा हिशेब तिच्या ओठांवर हलताना दिसला.
मागच्या लोकांनी घड्याळं पाहिली.
मग तिने मान वर केली:
‘अंगावरचं मोजता?’

नाही. अंगावरचं मोजत नाहीत.
नियमच तसा आहे, माझा काही चांगुलपणा नाही.

ऑगस्ट महिना. काचेबाहेर पहाटेचाही उकाडा.
सहा हिवाळे अंगावर काढले होते तिने,
सातवा अंगात घातला.
किटलीचं खालचं भांडं डाव्या खिशात,
वरचं उजव्या.
कॅलेंडर पोटाशी, ब्लाउजच्या आत.
सँडल काढून बॅगेत टाकले आणि बुटांत पाय घातले,
टोकाला कोंबलेला कागद तसाच ठेवून.
मागून कुणीतरी त्यांच्या भाषेत काही बोललं,
अख्खी रांग हसली, तीही हसली,
घामाचा एक थेंब फरवर पडला.
बॅग पिंजऱ्यात गेली. खट्.

मापात पाप नको, असं माझे साहेब सांगतात.
एकदा दोन विमानांच्या मधे
मी माझी स्वतःची बॅग त्यात घालून पाहिली होती.
डबा, छत्री, आईच्या डायपरचं पुडकं.
नाही बसली.
घरी आईपाशी आमची मारिओआरा असते.
तिने अजून रजा मागितलेली नाही.
मीही विषय काढत नाही.
ती निघेल तेव्हा याच दाराने निघेल,
आणि बहुधा माझीच पाळी असेल.

काचेतून बायका विमानाकडे चालताना दिसतात.
इथे बस नाही, पूल नाही, डांबरावरून चालत जायचं.
व्हेतूरिया सगळ्यांच्या मागे,
बुटात पाय सापडत नाही म्हणून
प्रत्येक पाऊल आधी उचलून, मग नीट ठेवत.
शिडीपाशी थांबली. कठडा धरला.
आत गेली.

माझा एन्नियो पंधरा वर्षांचा आहे.
त्याला पंचेचाळीस लागतात.
मला सांगता आलं असतं तिला.
रांग मोठी होती.