झाकणाच्या आतली बाजू

बर्डीच्या मागच्या गल्लीत पायरीएवढं दुकान.
मे महिना. निनावेकाका कूलरचं तोंड
भिंतीकडे करून ठेवतात,
वाऱ्याने बारीक स्क्रू उडतो म्हणून.
घाम कपाळावर चालतो, भिंगात नाही.

आधी कान लाव, त्यांनी शिकवलं होतं.
मग सेकंदकाटा उड्या मारतो की सरकतो ते पाह.
अक्षरांच्या कडा पाह, नकलीला कडेला घाई असते.
वजन तळहाताला विचार.
चावी फिरव: असली तुपात फिरते, नकली वाळूत.
आणि हे सगळं जुळलं तरी बोलू नको,
आजकाल नकलीवालेही मन लावून काम करून राहिले.
झाकण न उघडता घडीबद्दल बोलणारा
एकतर दुकानदार, नाहीतर जावई.

ठवरेबाई खापरखेड्याहून बसने आल्या,
घड्याळ रुमालात, रुमाल पोलक्यात.
सासऱ्यांचं. पॉवरहाऊसला आलेल्या
कुण्या परदेशी इंजिनिअरने जाताना दिलेलं.
धाकट्या दिराला ते पाहिजे,
बदल्यात अर्धा प्लॉट सोडतो म्हणतो.
'असली असन तरच.'

डायल असली. केस असली.
काट्यांचा निळा रंग आचेवर आणलेला, फासलेला नाही.
मी जवळजवळ बोललेच होते.

मग झाकण उघडलं.

आत बंगळुरूचं मशीन.
शाळामास्तरांच्या मनगटावर असायचं ते,
लग्नात जावयाला मिळायचं ते.
भोवती पितळेची कडी घासून बसवलेली,
केसभरही हलत नाही.
असं काम मी एकाच हाताचं पाहिलंय.

झाकणाच्या आत कारागीर आपली खूण ओरखडतो,
गिऱ्हाइकाला ती दिसत नाही.
गु. नि. ११-८९.

'काय निघालं?' काकांनी मान वर न करता विचारलं.
मी झाकण पुढे सरकवलं.
त्यांनी भिंग डोळ्याला लावलं
आणि बराच वेळ काढलंच नाही.
बाहेर रसवंतीचे घुंगरू वाजत राहिले.

'बाई, डब्बा असली आहे.
इंजन माह्यं आहे.'
'म्हणजे?'
'म्हणजे नकली.'

का, ते त्यांनी सांगितलं नाही.
असली मशीन कुठे गेलं तेही नाही.
नोव्हेंबर एकोणनव्वदला त्यांच्या घरी काय होतं
ते मला माहीत नाही, मी जन्मलेच नव्हते.

बाईंनी रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली.
'चालते तर बरोबर.'
'दिवसाला आठ सेकंद पुढे,' काका म्हणाले, लगेच,
जसं कुणी मुलीचं वय सांगावं.

'मग दिराला यातलं
कोणतं सांगू?'

काकांनी उत्तर दिलं नाही.
सुई माझ्या हातात दिली.
लिही, म्हणाले.
काय लिहू?
'आज उघडलं म्हणून. आन् तुही खूण.'

जुन्या खुणेखाली तारीख ओरखडताना
माझी सुई घसरली.
रेघ वाकडी आली.
ते म्हणाले, राहू दे.