हिरवी सोंगटी दिवाडीतच

आज बाटल्या अकरा. गेल्या वर्षी चौतीस होत्या.
यंदा बोंडू उशिरा पिकला, माकडांनी आधी गाठला,
शांबाने केरीहून पोत्यात घालून आणला तेव्हा
निम्मा रस स्कूटरच्या पायदानावरच आंबला होता.
इझिल्डा म्हणते, उरला त्यात जे झालं ते झालं.
मे संपला की ही बिअर संपली,
मग पुढल्या एप्रिलपर्यंत तोंड मिटून बसा.

बाल्कांवावर पट मांडलाय.
बेटांचा, गलबतांचा, मिरी-लवंगांचा खेळ.
कुणा जर्मन माणसाने आपल्याकडचा मसाला
पुठ्ठ्यावर छापून आपल्यालाच विकला.
नियमांची चोपडी चाळीस पानी,
त्यातली सोळा ते एकोणीस वाळवीने वाचली,
म्हणून चाचे आले की काय करायचं
हे आम्ही दर वेळी भांडून ठरवतो.
हरवलेल्या गलबतांच्या जागी चिंचोके.

चौथा भिडू फोनमध्ये.
फोन लोणच्याच्या बरणीला टेकवलेला,
त्यात रोक. पिवळं जाकीट, मागे खोक्यांचे डोंगर.
स्विंडनच्या गोदामात त्याची चहाची सुट्टी,
पंधरा मिनिटं.
"माझा फासा तू टाक. शांबा नको, त्याच्या हाताला खोड आहे."
मी टाकते. सहा.
हिरवी सोंगटी थेट लवंगांच्या बेटावर.
इथे होता तेव्हाही असाच जिंकायचा,
वर आमच्या वाटचे काजू खायचा.

मग विचारतो, "यंदाची कशी झालीय?"

इझिल्डा म्हणते, "तुरट. गेल्या सालापेक्षा तुरट,
आणि यीस्ट जरा आगाऊ निघालं."
आईने पाहुण्यांदेखत पोराची तक्रार करावी तसं.
शांबा म्हणतो, "चौथीत तुझ्या शर्टावर बोंडूचा डाग पडला
आणि तू घरी शाई सांडली म्हणून सांगितलंस, आठवतं?
त्या डागाची चव आहे."
मी घोट तोंडात धरून बसते.
आधी ऊन लागतं. मग घशाला बारीक करवत.
आणि सगळं गिळून झाल्यावर, जिभेच्या कडेला
काहीतरी गोड, उशिरा आलेलं,
माफी न मागता बसून घेणारं.
एवढं लांबलचक फोनवर कोण बोलणार?
"बरी आहे," मी म्हणते.

"राहू दे," रोक म्हणतो. "ओता. फोन जवळ धरा."

इझिल्डा सातवी बाटली उघडते, ग्लास तिरका करते.
मी फोन काठाशी नेते.
फेस चढतो,
आणि मग बारीक, फार बारीक
तडतडत खाली बसतो.
समुद्रांपलीकडे एक माणूस खोक्यांत उभा राहून
ते ऐकतो.
कुणी बोलत नाही. शांबासुद्धा,
ज्याने या जन्मात कधी गप्प राहून दाखवलेलं नाही.

तिकडे कुणीतरी त्याचं नाव पुकारतं, चुकीचं.
"माझं गलबत हलवू नका," तो म्हणतो,
आणि काच काळी.

पट तसाच ठेवायचा ठरलं,
वर रोवळी पालथी, झुरळांपासून राखण.
उरल्या चार बाटल्या इझिल्डा आत नेते.
रोकचा ग्लास शांबा उचलतो, एका दमात संपवतो,
"असा नियम आहे," म्हणतो, "सोळा ते एकोणीसमध्ये."

शेवटच्या फेरीबोटीत आम्ही दोघं, एक झोपलेला कुत्रा,
आणि मांडवी, काळी, कुणाचाच डाव नसलेली.
स्कूटरच्या पायदानाला मुंग्या लागल्यात,
रांगेने, शिस्तीत, गोडाच्या मागावर.
त्याही आमच्याबरोबर रायबंदरला चालल्या.