बाद मतांचा गठ्ठा

साप्ताहिक आता बंद पडलंय, म्हणून सांगायला हरकत नाही.
वाचकांची पसंती मोजायचो ते आम्ही दोघी,
मी आणि यास्मिन बागवान,
शुक्रवार पेठेत, जाहिरात खात्याच्या मागच्या खोलीत,
पंखा बंद करून.
पंखा लावला की लोकशाही उडायची.

तीन पोती कुपनं.
काही हाताने फाडलेली, काही कात्रीने,
एखादं ब्लेडने, इतकं सरळ
की कापणाऱ्याचं घर डोळ्यांपुढे यावं.
पहिल्या वर्षी नुसतं मोजलं.
दुसऱ्या वर्षी वाचायला लागलो, तिथे चुकलं.

'अन्नछाया'ला सहाशे बारा मतं.
त्यातल्या चारशेंचा 'छा'
एकाच मनगटातून उतरलेला,
शेपूट डावीकडे, घाईतलं.
नावं मात्र चारशे निरनिराळी,
भाटे, शेख, डिसूझा, गायकवाड,
आणि एके ठिकाणी, रात्र फार झाली असावी,
'अ. ब. क., सदाशिव पेठ'.

गठ्ठा घेऊन हर्डीकरांकडे गेले.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
'बाई, त्यांनी सहाशे अंक रोख घेतले.
अंक घेतो तो वाचक.
वाचकांची पसंती असंच छापलंय ना आपण?
जेवणाऱ्यांची, असं कुठे म्हटलंय?'

याला उत्तर नव्हतं.
अजूनही सुचलेलं नाही.

सोहळ्यात पितळी झारा दिला, लाकडावर ठोकलेला.
मालक रसिक खवय्यांचे आभार मानत होते.
त्यांच्या मागे हार धरून उभा असलेला पोरगा, वेटर,
त्याच्या उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी.
मी पाहिलं, तसा त्याने हात खिशात घातला.

फोन नंबर नसेल तर मत बाद,
नियम क्रमांक चार.
बाद मतांना रबरबँड लावून खालच्या खणात टाकायचो.
त्यातलं एक:
'हौसाबाई लोणकर, दारूवाला पुलाजवळ, पाटी नाही.'
आणि 'पसंतीचे कारण' या ओळीवर,
जिथे सगळे 'चव छान' लिहून मोकळे होतात, तिथे
'ताप होता तेव्हा भात मऊ केला.
पैसे एकोणीस दिवसांनी घेतले.'
खाली सही नाही.

गुरुवारी हाफ डे टाकून आम्ही गेलो.
जिना अरुंद, सहा ताटं, एक बाक.
पोळी जाड. आमटी पाणीदार.
यास्मिन कानाशी पुटपुटली,
'खरं सांगू? अन्नछायाची बरी असते.'
आणि होतीच बरी.
हेच तर इतकी वर्षं घशात अडकलंय.
चारशे खोट्या सह्यांच्या आमटीला
फोडणी अगदी खरी होती.

आता कर्वेनगरात भाची मला जेवायला नेते.
गल्ल्यावर चौकटीतलं प्रशस्तिपत्र,
शहरातलं सर्वोत्तम अमुक, लोकांच्या मतांनी.
'मावशी, यावर विश्वास ठेवायचा का गं?'
मी म्हणते, भूक लागलीय ना, बस.
आणि हात धुवायला जाताना
वेटरच्या अंगठ्याकडे नजर जाते.
सवय. आता तर लिहावंही लागत नाही कुणाला.

हौसाबाईंनी विचारलं होतं, 'कुणी धाडलं तुमाला?'
नाव आमच्याकडे नव्हतं.
त्याच आठवायला लागल्या, कमरेवर हात ठेवून,
'परभणीचा का? बँकेच्या परीक्षेवाला?
का तो, ज्याची सायकल गेली?
का बारका, रातचा रडायचा?'
बोटं मोजत होत्या, आणि हात संपत आले तरी
थांबत नव्हत्या.

मग न विचारता ताटात आणखी भात पडला.
मोकळा होता, जरा फडफडीतच.
आम्हाला काही ताप नव्हता.