एन.जी.

बिराजदार सरांनी कॅमेरा कायमचा खाली ठेवला
तेव्हा त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं उतरला होता.
हे नव्या पेठेतल्या शिंप्याला ठाऊक.
सत्कारात कुणी बोललं नाही.

मी बूम धरायचो. सव्वीस वर्षं.
माझ्याकडे त्यांची माहिती आहे ती कानांची:
शॉट लागला की श्वास अडायचा,
बिघडला की नाकातून सुटायचा,
मग, "एन.जी. परत. मैनू, आवाज?"

मुंबईहून फोन यायचा, सोलापूर ना, चादरी दाखवा.
दाखवल्या. वर्षातून एकदा, पट्टी भरावी तशा.
उरलेल्या दिवसांत
बंद गिरणीच्या फाटकावर डबा खाणारा वॉचमन,
होटगीकडचा कोरडा कालवा,
आणि रात्रपाळीतून सुटलेल्या माणसांचे मोठ्याने बोलणे,
कारण मागाचा खडखडाट त्यांच्या कानातून घरी यायचा.
एक सन्मानचिन्ह मिळालं. त्यावर आडनाव चुकलेलं.
सर त्यावर शेंगाचटणीचा डबा ठेवतात.

यंदा मे महिन्यात टेपा काढल्या, तर बुरशी.
बाहेर चव्वेचाळीस.
"अख्ख्या सोलापुरात ओल सापडली ती इथं,"
सर म्हणाले, आणि कापूस मागितला.

वाचलेली एक टेप घेऊन विडी घरकुलात गेलो.
नरसम्मा कोंड्याल, एकोणनव्वद साली दिवसाला हजार विड्या.
आता बोटं वळत नाहीत, सूप मात्र मांडीवर.
सुपात, पानांवरच, लॅपटॉप ठेवला.
तिनं स्वतःकडे पाहिलंच नाही.
"मागं घ्या की वो. थांबा. ते दारात."

दारात पिवळ्या फ्रॉकचा काठ. अर्धा सेकंद.
आणि टेपवर सरांचा तरुण आवाज,
"एन.जी. पोरगीला बाजूला घ्या."

"पद्मा," नरसम्मा म्हणाली.
"रथाला शिवलेला तो फ्रॉक.
रथाच्या आदल्या आठवड्यात गेली, तापात.
फोटो नव्हता काढला."

बक्षीस मिळालं ते तिसऱ्या टेकला.
त्यात दार रिकामं आहे, उजेड सुंदर आहे.

सर बराच वेळ सुपातलं पान चुरत बसले.
मी हेडफोन लावला.
पोरीला बाजूला घेतल्यावरही टेप थोडी चाललेली,
समोर नुसती भिंत,
पण भिंतीबाहेरचं सगळं माझ्या माइकने घेतलेलं:
कात्री, कुणाचा तरी खोकला,
आणि अगदी जवळून, बहुधा माझ्या पायाशी,
"अयिपोइंदा?"

मी हेडफोन नरसम्माच्या कानाला लावला.
"काय म्हणते?" सरांनी विचारलं.
"झालं का, विचारालीय."

सरांचा श्वास नाकातून सुटला.
मी सवयीने वाट पाहिली.
"परत," ते म्हणाले.
एवढंच.