किल्ली परत देताना

तेइयोचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्वयंपाकघरात
तीनशे पोरांच्या सूपचं पातेलं घासत होते.
गुरुवार होता.
तांपेरेत गुरुवारी वाटाण्याचंच सूप असतं, वर्षानुवर्षं.
त्याबाबत कुणी विचार बदलत नाही.

तो म्हणाला, सिर्पा, ऐक.
मग बराच वेळ काही बोललाच नाही.
आमच्याकडे गप्प बसणं हीसुद्धा बोलायची एक रीत आहे,
आणि मला ती चांगली कळते;
यार्को ओउलूहून परत आलाय
हे त्याने सांगायच्या आधीच
माझ्या हातातली घासणी थांबली होती.

यार्को म्हणजे त्यांचा जुना बेसवाला.
सोळा वर्षं यांच्याबरोबर वाजवलं, मग लग्नापायी गेला,
आता घटस्फोटापायी परतला.
तुझ्यात काही खोट नाही, तेइयो म्हणाला.
असती तर बरं झालं असतं.
खोट काढता येते,
रोज रात्री अर्धा तास, मेट्रोनोम लावून.

तीन आठवड्यांपूर्वी हाच आवाज म्हणाला होता, तू आता आमची.
तो 'आमची' मी ट्राममध्ये चघळत बसले
आणि दोन थांबे पुढे गेले.
अकरा गाणी बसवली.
शेजारच्या म्हातारीने भिंतीवर काठी आपटली
तीही तालात, इतकी बसवली.
बोटांच्या टोकांना पुन्हा घट्टे पडले, वीस वर्षांनी.
बसल्या बसल्या मी ते अंगठ्याने चाचपायची,
बोटात नवी अंगठी असल्यासारखे.

घट्टे आहेत अजून.

लागेल असं बोलायला मला सुचलं,
पण नंतर, दुसरं पातेलं घासताना,
एकेक वाक्य असं की ऐकणाऱ्याने जन्मभर गिळत बसावं.
फोनवर एवढंच म्हणाले, बरं. किल्ली कधी आणून देऊ?
हा मोठेपणा नव्हता.
मागे ट्रॉली घेऊन हेल्वी खोळंबली होती
आणि नळ वाहत होता.

शनिवारी गेले.
इमारतीच्या पोटातलं ते बाँबहल्ल्यासाठीचं तळघर,
पोलादी दार,
दोन्ही मुठी एकदम ओढल्याशिवाय उघडत नाही.
आत माझा अॅम्प. एकटीच्याने उचलत नाही.
एक बाजू यार्कोने धरली.
अशा वेळी माणसाकडे बघावंच लागतं,
पायरी पायरीने,
थांब, वळव, तुझ्याकडून जरा वर.
त्याच्या बोटावर अंगठीच्या जागी पांढरा पट्टा होता.
टोकं मऊ पडलेली.
ओझं नेण्यात आमचा ताल जुळला, ते मला आवडलं नाही.

बाहेर चिखल झालेला बर्फ.
कोटाच्या खिशात माझी वही,
अकरा गाण्यांची, पेन्सिलीने लिहिलेली.
सातव्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यानंतर,
मी एक सूर उशिरा येते,
कारण तेइयो तिथे श्वास घेतो.
जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तो सूर
त्या श्वासावर पाय देऊन जातो.
वही द्यायची नाही, हे मी सहा थांबे विचार करून ठरवलं होतं.
दिली.

किल्ली तेइयोच्या हातावर ठेवली.
माझ्या मुठीत राहून ती गरम झाली होती,
तो दचकला बहुतेक त्यानेच.
ये कधी वाजवायला, म्हणाला.
ऐकायला म्हणायचं होतं त्याला.
मी चूक सुधारली नाही.

डिसेंबरात गेले, पूर्ण तिकीट काढून.
दाराजवळच्या खांबाला टेकून उभी राहिले,
म्हणजे निघायचं झालं तर निघता यावं.
सातवं गाणं.
दुसरं कडवं संपलं आणि यार्को थांबला,
एकाच सुरापुरता.
तेइयोने श्वास घेतला.
सभागृहात कुणाच्या काही लक्षात आलं नाही,
पासी ड्रमवरून एकदा मान वर करून बघत होता, तेवढंच.

मग आठवं गाणं सुरू झालं.
ते मला तसंही कधी फारसं आवडलं नव्हतं.
मी कोट चढवला,
आणि बाहीच्या आत डाव्या हाताची बोटं
आपली आपण चालत राहिली
थेट ट्रामपर्यंत.